ओझे गाडीत, यात्रेकरू वाटेवर

स्पेनमधील सान्तियागोची पदयात्रा करू इच्छिणारा मराठी माणूस एखाद्या माहीतगाराला भेटला, की विमानाचे भाडे, व्हिसाचे सोपस्कार, थंडीपावसाचा हंगाम यांविषयीची सारी चौकशी आटोपल्यावर, काहीशा संकोचाने, एक प्रश्न हमखास विचारतो : "सामान गाडीने पुढे पाठवले, रात्रीची खोली आधीच ठरवून ठेवली आणि आपण हलक्या खांद्यांनी चालत राहिलो, तर ती यात्रा ठरते की नुसती सहल?" या संकोचामागे एक जुनी समजूत आहे. यात्रा म्हणजे कष्ट, आणि ज्याने पैसे मोजून त्या कष्टांतला काही भाग दुसऱ्यावर सोपवला त्याने पुण्याचाही तेवढा भाग गमावला, असे आपल्याला नकळत वाटत असते. ही शंका केवळ आपल्याकडचीच नव्हे. त्या वाटेवरही पाठीवर बिऱ्हाड घेऊन निघालेला आणि पाठ मोकळी ठेवून निघालेला असे दोन पंथ पडलेले आहेत, आणि पहिल्याने दुसऱ्याला कमी लेखावे हा प्रकार तेथे दुर्मीळ नाही.

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही टप्प्याटप्प्याने द्यावयास हवे. ही वाट कोणती, तिच्यावर पूर्वीचे लोक काय घेऊन चालत, यात्रा पुरी झाल्याचा दाखला कोणत्या अटींवर मिळतो, सामान पुढे कसे जाते, रात्रीचा निवारा किती प्रकारचा असतो, या सोयींसाठी पैशांखेरीज आणखी काय मोजावे लागते, हे क्रमाने पाहिले म्हणजे निर्णय ज्याचा त्याला करता येईल.

१. वाट कोणती आणि ती कोठे जाते

स्पेनच्या वायव्य टोकाला गालिसिया नावाचा हिरवा, पावसाळी प्रांत आहे. तेथील सान्तियागो दे कोम्पोस्तेला या नगरात येशू ख्रिस्ताच्या बारा प्रेषितांपैकी थोरल्या याकोबाची समाधी आहे अशी श्रद्धा आहे. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात, आस्तुरियासचा राजा दुसरा आल्फोन्सो याच्या कारकिर्दीत, तेओदोमिरो नावाच्या बिशपाने ही समाधी सापडल्याचे जाहीर केले, आणि तेव्हापासून युरोपच्या कानाकोपऱ्यांतून माणसे तिकडे चालत येऊ लागली. आज जे भव्य कॅथीड्रल तेथे उभे आहे त्याचे बांधकाम १०७५ मध्ये सुरू झाले.

सान्तियागोला जाणारी वाट एकच नाही. आळंदीहून, देहूहून, पैठणहून, त्र्यंबकेश्वराहून निघालेल्या पालख्या जशा निरनिराळ्या मार्गांनी पंढरपुरी पोहोचतात, तशाच येथेही पोर्तुगालमधून येणारी, उत्तरेच्या समुद्रकाठाने जाणारी, बंदरावर उतरून चालावयाची अशा अनेक वाटा आहेत. सर्वांत प्रसिद्ध ती 'फ्रेंच वाट'. फ्रान्सच्या हद्दीतील सेंट जाँ पिए द पोर या गावातून ती निघते, पिरेनीज पर्वत ओलांडते आणि पाम्प्लोना, लोग्रोन्यो, बुर्गोस, लेओन या नगरांतून सुमारे ७८० किलोमीटरांचे अंतर तोडून सान्तियागोला पोहोचते. रोज वीस-पंचवीस किलोमीटर या बेताने चालणाऱ्यास तिला चार ते पाच आठवडे लागतात.

मध्ययुगात गजबजलेली ही वाट पुढे कित्येक शतके जवळजवळ ओस पडली होती. तिला पुन्हा जाग आणण्याच्या कामी ओ सेब्रेइरो या डोंगरी गावाचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी आपले आयुष्य वेचले. चुकणाऱ्याला दिशा कळावी म्हणून १९८४ मध्ये त्यांनी वाटेवर पिवळे बाण रंगवण्यास आरंभ केला, आणि तेच बाण आज लाखो लोकांना मार्ग दाखवीत आहेत. १९८७ मध्ये युरोप परिषदेने या मार्गाला पहिला युरोपीय सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली. १९९३ मध्ये युनेस्कोने फ्रेंच वाटेचा जागतिक वारशात समावेश केला. १९८६ साली यात्रा पुरी केल्याचा दाखला घेणाऱ्यांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. २०२४ मध्ये ती पाच लाखांच्या घरात गेली. एवढी माणसे एका वाटेने चालू लागल्यावर त्यांच्या पाठीचे ओझे आणि त्यांच्या डोक्यावरचे छप्पर या दोन गरजांभोवती दोन व्यवसाय उभे राहणे क्रमप्राप्तच होते. प्रस्तुत प्रश्न त्या दोन व्यवसायांविषयीचा आहे.

२. पूर्वीचा यात्रेकरू काय वाहत असे

आपण मनाशी जुन्या यात्रेकरूचे जे चित्र रंगवतो, त्यात तो भल्यामोठ्या गाठोड्याखाली वाकलेला असतो. हे चित्र इतिहासाला धरून नाही. बाराव्या शतकात सिद्ध झालेला आणि आजही सान्तियागोच्या कॅथीड्रलमध्ये जतन केलेला 'कोदेक्स कालिक्स्तिनुस' हा ग्रंथ या वाटेविषयीच्या माहितीचे मोठे भांडार आहे. त्यातल्या एका प्रवचनात यात्रेकरूच्या झोळीचे वर्णन येते : झोळी कातड्याची असावी, ती लहान असावी, आणि तिचे तोंड बांधलेले नसावे. लहान अशासाठी, की यात्रेकरूने आपला भरवसा शिदोरीवर न ठेवता देवावर ठेवावा. आणि तोंड उघडे अशासाठी, की जवळ जे काही थोडे असेल ते गरजवंताला देताना गाठी सोडण्याचाही विलंब होऊ नये.

म्हणजे जुन्या यात्रेकरूचा आदर्श अवजड ओझे हा नव्हता; अल्प संग्रह हा होता. हातात काठी, खांद्याला छोटी झोळी, आणि परतताना अंगावर यात्रेची खूण म्हणून शिंपला एवढ्यावर त्याचे भागे, कारण वाटेवर त्याच्यासाठी धर्मशाळा होत्या. अकराव्या शतकातील दोमिंगो नावाच्या एका विरक्त पुरुषाने यात्रेकरूंसाठी रस्ता दुरुस्त केला, नदीवर पूल बांधला आणि आश्रयस्थान उभारले. ११०९ मध्ये तो निवर्तला, आणि त्याच्याच नावाने सान्तो दोमिंगो दे ला काल्सादा हे गाव वसले. पुढे इसाबेला आणि फर्डिनांड या राजदांपत्याने खुद्द सान्तियागोत यात्रेकरूंसाठी शाही रुग्णालय व विश्रामगृह बांधण्याचा हुकूम दिला. १५०१ मध्ये त्याचे काम सुरू झाले. तीच वास्तू १९५४ पासून हॉटेल म्हणून चालते.

धर्मशाळांबरोबर खासगी खाणावळी आणि सराया हीसुद्धा तितकीच जुनी गोष्ट आहे. वर उल्लेखिलेल्या प्रवचनातच खोट्या मापाने दारू विकणाऱ्या आणि परक्या माणसाला नाडणाऱ्या सरायवाल्यांवर कडक शब्दांचा भडिमार केलेला आढळतो. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी पैसे देऊन राहणारे यात्रेकरू पुष्कळ होते, याचा याहून सबळ पुरावा कोणता? ऐपतदार माणसे घोड्यावर बसून, चाकरांच्या हाती सामान देऊन यात्रा करीत. इतकेच नव्हे, तर आपल्यामागे कोणाला तरी आपल्या वतीने सान्तियागोला धाडावे अशी तजवीज मृत्युपत्रात करून ठेवणारेही असत. सामान दुसऱ्याने वाहणे आणि छपरासाठी पैसे मोजणे या दोन्ही गोष्टींना आजच्या सुखलोलुपतेचे अपत्य समजणे हे, तेव्हा, इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

३. दाखला कशाचा मिळतो

या वाटेने जाणाऱ्याजवळ 'क्रेदेन्सियाल' नावाची घडीची पुस्तिका असते. तिला यात्रेकरूचे पारपत्र म्हणावे. मुक्कामाच्या जागी, चर्चमध्ये, चहाकॉफीच्या दुकानात सुद्धा तिच्यावर शिक्का उमटवून मिळतो. सान्तियागोत पोहोचल्यावर यात्रेकरू-कचेरीत ही पुस्तिका दाखवली, की यात्रा धार्मिक वा आध्यात्मिक हेतूने, निदान अंतर्मुख शोधाच्या वृत्तीने केली असे सांगणाऱ्यास 'कोम्पोस्तेला' नावाचा लॅटिन भाषेतील दाखला देण्यात येतो. पायी किंवा घोड्यावरून येणाऱ्याने किमान १०० किलोमीटर, सायकलने येणाऱ्याने किमान २०० किलोमीटर अंतर कापलेले असावे, आणि पायी चालणाऱ्याच्या पुस्तिकेवर रोजचे किमान दोन शिक्के असावेत, या त्यातील मुख्य अटी होत.

येथे लक्षात घ्यावयाचे ते असे, की या अटींत पाठीवरच्या ओझ्याचा उल्लेख कोठेही नाही. कचेरीतील माणूस चाललेले अंतर आणि उमटलेले शिक्के तपासतो. पिशवी कोणी वाहिली हे तो विचारीत नाही, आणि यात्रेकरू रात्री शंभर माणसांच्या दालनात निजला की स्वतंत्र खोलीत, याच्याशीही त्याला कर्तव्य नसते. ज्या धर्मसंस्थेची ही यात्रा आहे तिनेच चालणे हे आवश्यक आणि वाहणे हे ऐच्छिक मानले आहे. हा मुद्दा येथवर निकालात निघाला असे समजण्यास हरकत नाही.

४. पिशवी पुढे कशी पोहोचते

सामान पुढे पाठवण्याची पद्धत इतकी सुटसुटीत आहे, की पहिल्याने ऐकणाऱ्याचा तिच्यावर विश्वास बसत नाही. संध्याकाळी मुक्कामाच्या जागी ओसरीवर छापील पाकिटे ठेवलेली आढळतात. पाकिटावर आपले नाव, दूरध्वनी क्रमांक, आजच्या मुक्कामाचे ठिकाण आणि उद्याच्या मुक्कामाचे नाव व गाव लिहावयाचे, आत ठरलेले पैसे घालावयाचे, आणि दोरीने ते पिशवीच्या बंदाला पक्के बांधावयाचे. अलीकडे पैसे आगाऊ भरून नुसती चिठ्ठी बांधण्याचाही रिवाज पडला आहे. सकाळी साधारणतः आठच्या आत पिशवी दारापाशी ठेवून आपण चालू लागावे. थोड्या वेळाने छोटी मालगाडी येते, चालक चिठ्ठ्या वाचून पिशव्या गावागणिक लावून घेतो, आणि दुपारी दोन-अडीचपर्यंत ज्याची पिशवी त्याच्या पुढल्या मुक्कामाच्या दारात पोहोचलेली असते. मुंबईच्या डबेवाल्याच्या हाती दिलेला डबा ज्याप्रमाणे झाकणावरच्या खुणेच्या आधारे नेमक्या टेबलावर जातो, त्याप्रमाणेच येथेही सारा भार त्या चिठ्ठीवर असतो. डब्याप्रमाणेच येथेही पत्ता अचूक असेल तरच वस्तू पोहोचते, ही खूणगाठ वाचकाने आताच बांधून ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

हा व्यवसाय अनेक लहानमोठ्या खासगी मंडळींप्रमाणे कोरेओस ही स्पेनची सरकारी टपालसंस्थाही करते. एका टप्प्याला, एका पिशवीमागे, सर्वसाधारणपणे चार ते सात युरो पडतात. पिशवीच्या वजनाला बहुधा १५ ते २० किलोंची मर्यादा असते. पारपत्र, क्रेदेन्सियाल, पैसे, रोजची औषधे, पाणी आणि पावसाळी कोट एवढ्या वस्तू मात्र पुढे जाणाऱ्या पिशवीत कधीही घालू नयेत. गालिसियात स्वच्छ उन्हाची सकाळ दुपारपर्यंत भिजून निघणे ही नित्याची गोष्ट आहे, आणि भिजलेल्या माणसाला त्याचा कोट पुढच्या गावी सुरक्षित असल्याचे समाधान फारसे उपयोगी पडत नाही.

५. रात्रीचा निवारा

या वाटेवर यात्रेकरूंच्या निवाऱ्याला 'अल्बेर्गे' म्हणतात. रात्रीच्या एकंदर निवाऱ्याचे तीन वर्ग मनात स्पष्ट असावेत. पहिला वर्ग सार्वजनिक अल्बेर्गेंचा : ती नगरपालिका किंवा प्रांतिक सरकार चालवते, आणि या यात्रेच्या दृष्टीने विशेष पवित्र मानलेल्या १९९३ या वर्षाच्या निमित्ताने गालिसियाच्या सरकारने आपले असे जाळेच उभारले. तेथे एका मोठ्या दालनात दुमजली खाटा असतात, दर माणशी दहा युरोंच्या आसपास पडतात, जागा आधी राखून ठेवता येत नाही, जो आधी येईल त्याला आधी मिळते, आणि प्रकृतीचे कारण नसेल तर एका रात्रीहून अधिक राहता येत नाही. दुसरा वर्ग चर्चच्या किंवा यात्रेकरू-मंडळांच्या अल्बेर्गेंचा : तेथे कित्येक ठिकाणी ठरावीक दर नसून पेटीत यथाशक्ती दान टाकावयाचे असते, सगळ्यांनी मिळून रांधावयाचे व जेवावयाचे असते, आणि व्यवस्था पाहणारा 'ओस्पितालेरो' बहुधा स्वतःच पूर्वी ही वाट चाललेला, आता विनावेतन सेवा करणारा यात्रेकरू असतो.

तिसरा वर्ग खासगी निवाऱ्यांचा. त्यात खासगी अल्बेर्गे येतात, जेथे दालनातली खाट पंधरा ते वीस युरोंना मिळते व आधी राखून ठेवता येते. 'पेन्सिओन' नावाची लहान भोजननिवासगृहे येतात. आणि 'कासा रुराल' म्हणजे खेड्यातल्या जुन्या दगडी घरात पाहुण्यांसाठी सज्ज केलेल्या खोल्या येतात. दोघांच्या खोलीला हंगामाप्रमाणे चाळीस ते सत्तर युरो पडावेत. रात्री घोरण्याच्या आवाजाने झोप मोडत असेल, पहाटे औषध घ्यावयाचे असेल, वरच्या खाटेवर चढणे गुडघ्याला मानवत नसेल, तर ही रक्कम चैनीच्या सदरात टाकण्याचे कारण नाही.

आता वर बांधलेली खूणगाठ सोडू. सार्वजनिक अल्बेर्गेत जागा राखता येत नाही, आणि गाडीने येणारी पिशवी ती बहुधा स्वीकारीतही नाहीत. तेथली खाट पाठीवर सामान घेऊन चालत आलेल्या माणसासाठी आहे असा तेथला शिरस्ता आहे. पिशवीला तर सकाळी आठच्या आत निश्चित पत्ता हवा. सबब, ज्याने सामान गाडीत दिले त्याला छप्परही खासगीच घ्यावे लागते, आणि ते आधीच ठरवावे लागते. सामानाची सोय आणि खासगी खोली या दोन वस्तू दुकानात वेगवेगळ्या मांडलेल्या दिसल्या, तरी व्यवहारात त्या एकमेकींना बांधलेल्या आहेत.

६. सहा दिवसांचा हिशेब

हे सारे एका उदाहरणाने पाहू. सारिया हे गाव सान्तियागोपासून सुमारे ११५ किलोमीटरांवर आहे, म्हणजे दाखल्याच्या १०० किलोमीटरांच्या अटीत नेमके बसते. म्हणूनच सर्वांत जास्त यात्रेकरू येथून चालू लागतात. समजा, साठी ओलांडलेले एक जोडपे येथून निघाले आहे. पत्नीचे वजन ६० किलो आहे आणि तिचा उजवा गुडघा अधूनमधून दुखतो.

शरीराच्या वजनाच्या एक-दशांशाहून अधिक ओझे पाठीवर घेऊ नये असा अनुभवी लोकांचा ठोकताळा आहे. म्हणजे तिची मर्यादा ६ किलो. कपडे, झोपण्याची पिशवी, प्रसाधने, औषधे, पाणी हे सारे ६ किलोंत बसवणे शक्य असले तरी सोपे नाही. पाऊल सरासरी ६५ सेंटिमीटरांचे धरले, तर २० किलोमीटरांच्या मजलीला सुमारे तीस हजार पावले टाकावी लागतात, आणि प्रत्येक पावलाला ते ओझे गुडघ्यावर उतरते. उतारावर तर अधिकच जोराने. लहान पिशवीत फक्त पाणी, कोट, औषधे आणि कागदपत्रे ठेवली, तर हेच ओझे अडीच-तीन किलोंवर येते.

आता टप्पे. सारियाहून पोर्तोमारिन २२ किलोमीटर, तेथून पालास दे रेई २५, पुढे मेलिदे १५, आर्सुआ १४, ओ पेद्रोउसो १९ आणि अखेर सान्तियागो २०. एकूण ११५ किलोमीटर, दिवस सहा, मधले मुक्काम पाच. घाईचे लोक पालास ते आर्सुआ हे २९ किलोमीटर एका दिवसात उरकतात. ज्यांनी खोल्या आपल्या बेताने ठरवल्या आहेत त्यांना मेलिदे येथे थांबून ती मजल दुभंगता येते.

खर्च असा. दोघांचे कपडे एकाच पिशवीत घातले आणि टप्प्याला ५ युरो धरले, तर सहा टप्प्यांचे ३० युरो झाले. खोलीचे रोजचे ६० युरो धरले, तर पाच रात्रींचे ३०० युरो झाले. सार्वजनिक अल्बेर्गेत त्याच पाच रात्री दोघांनी शंभर युरोंत काढल्या असत्या. म्हणजे सोयीचा जादा खर्च दोघांत मिळून २३० युरो. यातले फक्त तीसच युरो सामानाचे आहेत, बाकीचे दोनशे छपराचे आहेत. पैशाची काटकसर ज्याला करावयाची आहे त्याने पिशवी गाडीने धाडून खोलीऐवजी खासगी अल्बेर्गेतली राखीव खाट घ्यावी. दर माणशी १५ युरोंनी पाच रात्रींचे दोघांना १५० युरो पडतील, आणि जादा खर्च ८० युरोंवर येईल.

७. सोयीचे मोल

पैशांहून मोठे मोल मात्र स्वातंत्र्याच्या रूपाने चुकते करावे लागते. पंचवीस किलोमीटरांच्या मजलीतले पंधरा किलोमीटर झाल्यावर टाचेला फोड आला, किंवा वाटेतल्या एखाद्या लहानशा गावी चर्चच्या सावलीत बसल्यावर आज येथेच राहावे असे मनापासून वाटले, तर पाठीवर बिऱ्हाड असलेला माणूस तेथेच थांबतो. ज्याची पिशवी दहा किलोमीटर पुढे गेली आहे त्याला थांबता येत नाही. फोड आला असेल तर त्याने भाड्याची मोटार करून पुढल्या मुक्कामी जावे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच मोटारीने मागे येऊन जेथे चालणे सोडले होते तेथूनच पुन्हा सुरुवात करावी. वाट अखंड राहते. पण मनाच्या त्या ओढीला मात्र तो मुकतो, आणि यात्रेत अशा ओढीचे मूल्य थोडे नसते.

दुसरे मोल संगतीचे. सार्वजनिक दालनात रात्री कोणी कोणाच्या पायाचा फोड सुईने फोडून देतो, कोणी आपल्या भांड्यातला भात दुसऱ्याच्या ताटात वाढतो, आणि भाषा ठाऊक नसलेली माणसे एकमेकांच्या उपयोगी पडतात. बंद खोलीच्या दाराआड झोप गाढ लागते, परंतु हा लाभ तेथे होत नाही.

या दोन उण्यांसमोर एक जमेची बाजूही मांडली पाहिजे. लेओन प्रांतातील फोन्सेबादोन हे डोंगरातले गाव जवळजवळ निर्मनुष्य झाले होते. यात्रेकरूंसाठी निवारे उघडले तेव्हा तेथे पुन्हा चुली पेटल्या. शेती सोडून तरुण शहरांकडे गेलेल्या स्पेनच्या अंतर्भागात पेन्सिओन चालवणारी विधवा, सकाळी पिशव्या गोळा करणारा चालक, कॉफीचा पेला भरणारा दुकानदार यांचा चरितार्थ या पावलांवर चालतो. पैसे मोजून राहणारा यात्रेकरू त्या गावांना काही देऊन जातो, हे विसरणे अन्यायाचे होईल.

८. कोणते ओझे द्यावे, कोणते ठेवावे

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर खरे पाहता आपल्या घरातच आहे. आळंदीहून पंढरपूरला जाणारा वारकरी सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट चालतो, पण आपली वळकटी पाठीवर घेऊन चालत नाही. दिंडीत भिशी भरली, की त्याची पिशवी दिंडीच्या ट्रकमध्ये पडते; पहाटे राहुट्या उतरतात, ट्रक पुढल्या तळाकडे रवाना होतो, आणि वारकरी चालून पोहोचतो तेव्हा राहुटी उभी आणि चूल पेटलेली असते. ट्रक येण्यापूर्वी हेच काम बैलगाड्या करीत. दिवे घाट चढणाऱ्या माणसाला तुझी पिशवी कोठे आहे असे कोणी विचारीत नाही, आणि ती ट्रकमध्ये आहे म्हणून त्याची वारी उणी पडली असेही कोणाच्या मनात येत नाही.

परंतु त्याच दिंडीत जरा बारकाईने पाहावे. वळकटी ट्रकमध्ये देणारी बाई तुळशीवृंदावन मात्र स्वतःच्या डोक्यावर घेऊन चालते. विणेकऱ्याच्या गळ्यातली वीणा भुईवर टेकत नाही. एकाने उतरवली तर दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पताका, टाळ, मृदंग यांपैकी काहीही ट्रकमध्ये जात नाही. सोयीचे ओझे गाडीत आणि श्रद्धेचे ओझे अंगावर, ही विभागणी आपल्या संप्रदायाने कोणताही वाद न घालता करून टाकली आहे.

सान्तियागोच्या वाटेवरही अशीच एक जागा आहे. फोन्सेबादोनच्या वर, समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर, लाकडी खांबावर एक लोखंडी क्रूस उभा आहे, आणि त्याच्या पायथ्याशी दगडांची टेकडी झाली आहे. घरून निघताना एक लहानसा दगड बरोबर घ्यावयाचा आणि मनातले दुःख, अपराध किंवा नवस त्याच्यासह तेथे ठेवून पुढे जावयाचे, अशी प्रथा आहे. कपड्यांची पिशवी खुशाल गाडीने जावी; तो दगड मात्र ज्याचा त्याने आपल्या खिशातून नेला पाहिजे.

म्हणून निर्णय असा. यात्रा पायांनी घडते, आणि ज्याने वाट स्वतःच्या पायांनी तोडली त्याने सामान गाडीत दिले काय किंवा खोली राखून ठेवली काय, त्याच्या यात्रेला बाध येत नाही. तरुण आणि धडधाकट माणसाने मात्र ओझे आपण वाहून पाहावे, ते हलके करण्याची कला शिकावी, आणि आज कोठे निजायचे हे दुपारपर्यंत ठाऊक नसण्यातला विश्वास अनुभवावा. कारण ही संधी वयाबरोबर निघून जाते. ज्याचा गुडघा, कंबर वा काळीज त्याला आवरावयास सांगते, त्याने लाज न बाळगता पिशवी गाडीत द्यावी. त्याच्याकडे एवढीच विनंती, की सार्वजनिक अल्बेर्गेतली खाट त्याने पाठीवर सामान घेऊन आलेल्यासाठी सोडावी, गर्दीच्या हंगामात आपल्या खोल्या वेळीच राखाव्यात, आणि वाटेत एखादी तरी संध्याकाळ दानपेटीच्या अल्बेर्गेत सर्वांबरोबर जेवून काढता येते काय ते आधी विचारून घ्यावे. आणि हे सारे ठरवण्यात वर्षे घालवू नयेत. गुडघे शाबूत आहेत तोवर निघावे.